वाकलेला अ‍ॅक्सल लाल करून ठोका म्हणे!

तीन दिवसांत तो मेसेज चौथ्यांदा आला, आणि ह्या वेळी थेट आमच्या मावसभावाकडून, म्हणून लिहायला बसलो. दादाचा जुना, लिलावातला फोर बाय फोर ट्रक आहे, दिंडोरीकडं शेततळ्यांचा मुरूम ओढतो. मागच्या आठवड्यात पुढचं डावं चाक चारीत गेलं आणि पुढच्या अ‍ॅक्सलची हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं पोलादी कवच, वाकली. मेसेज असा: "पुढचा अ‍ॅक्सल बदलू नका, गॅसवर लाल करा, घणानं सरळ करा, लगेच पाणी मारा म्हणजे कडक होतो, वरून पट्टी वेल्ड करा, अलाइनमेंट करा, विषय संपला. नाहीतर पुढचा जॉइंट काढून टू व्हीलवर चालवा, किंवा भंगारातला कुठलाही बसवा." (जॉइंट म्हणजे इंजिनाचा जोर अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा; पुढचा काढला की फक्त मागची चाकं ओढतात.)

आधी ते पाणी. अरे, लोहार कोयत्याला पाणी देतो ते धारेपुरतं, आणि देऊन झालं की परत हलका ताव देतो, नाहीतर पहिल्याच उसाला धार उडेल. इथं साधारण 725 अंश सेल्सिअसच्या पुढं गेलं की पोलादाची आतली रचनाच बदलते. झटक्यात पाणी मारलं तर ते ठिसूळ, तसंच थंड होऊ दिलं तर मऊ, म्हणजे कंपनीनं दिलेली ताकद जिथं सगळ्यात जास्त जोर येतो तिथंच गेली. मग पट्टी वेल्ड करा नाहीतर चांदीचा पत्रा मारा, वेल्डच्या कडेनंच तडा जाणार. कोयता मोडला तर दुसरा घेता येतो, सावळघाटात भरलेला ट्रक घेऊन उतरताना पुढचं चाक लटकलं तर काय घेणार? मेरिटॉरसारखी कंपनी, जी अ‍ॅक्सलच बनवते, तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमध्ये सरळ सांगितलंय की वाकलेला भाग गरम करून, वाकवून किंवा वेल्ड करून वापरू नका, बदला. आणि आपण ऐकतोय कुणाचं, तर हात जोडलेल्या इमोजीचं.

अलाइनमेंटनं टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा स्टेअरिंगचा दांडा) फिरवून टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं किती आत वळलीत ते, बसतो, बस. हाऊसिंग वाकलीय, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, गेलाय, तो टाय रॉडनं कसा येईल? टायर एका बाजूनं खातच राहणार.

टू व्हीलवर चालवायचं हे मात्र अर्धं खरंय, मान्य करावंच लागेल. पार्ट टाइम, म्हणजे हवी तेव्हाच पुढची चाकं जोडणारी फोर बाय फोर असेल, नुसता क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातांची चक्रं) किंवा आतला शाफ्ट गेला असेल, तर पुढचा जॉइंट काढून गाडी घरापर्यंत येते. पण वजन आणि स्टेअरिंग त्याच वाकलेल्या हाऊसिंगवर राहतं ना! आणि नकलमधला (चाक वळतं त्या जोडातला) सांधा फुटला असेल तर तुकडे अडकून स्टेअरिंग जाम व्हायची भीती वेगळीच.

भंगारातला चालेल, पण "कुठलाही" नाही. मागे 41 ला 10 दातांचा क्राउन-पिनियन आणि पुढे 41 ला 11 चा आला तर जवळपास 10 टक्के फरक पडतो, डांबरावर फोर व्हील टाकली की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारी पेटी) बोंबलते. दात मोजून घ्या, नंतर भाव करा.

दादा, टोचन करून आणू नकोस. मागचा जॉइंट सोड, पुढची बाजू क्रेनला लाव आणि नाशिकला द्वारका चौकात आण, तोवर मी हाऊसिंगची चौकशी करतो. आणि तो मेसेज मामांना पाठवला असशील तर डिलीट कर, त्यांचा ट्रॅक्टरही फोर व्हीलच आहे.