किल्ली द्या आणि निश्चिंत व्हा

घर विकायचं ठरलं की काही लोक उगाच स्वतः खटपट करायला लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, साडूला सांगतात, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या कानावर घालतात. तुम्ही असलं काही करू नका. एजंट गाठा. कोथरूडमधला १९९४ सालचा, तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा टू बीएचके मी असाच एका एजंटच्या हवाली केला होता. अकरा महिन्यांत जे ज्ञान मिळालं ते फुकट वाटतोय. पुण्यातला माणूस फुकट वाटतोय म्हणजे किती पोळला असेल ते ओळखा.

एजंट कसा निवडावा? सोपं आहे. जो सगळ्यात मोठा आकडा बोलेल तो आपला. माझ्याकडे तिघे आले. पहिला म्हणाला अठ्ठ्याहत्तर लाख, दुसरा म्हणाला ऐंशी. पहिल्याने तर नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून आमच्याच गल्लीतल्या तीन व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे खरे नोंदवलेले भाव दाखवणारे उतारे, काढून आणले होते. असल्या रुक्ष माणसाला चहासुद्धा विचारू नका. तिसरा सोफ्यावर टेकायच्या आत म्हणाला, "पंच्याण्णव! साहेब, या घरात व्हायब्रेशन्स आहेत." आमच्या घरात तीस वर्षं फक्त वरच्या मजल्यावरच्या मिक्सरची व्हायब्रेशन्स जाणवत होती, पण मन भरून आलं. त्याने पुढे केलेल्या कागदावर मी सही केली. सहा महिने दुसऱ्या कुणाकडे घर द्यायचं नाही, असं त्यात होतं. सही करताना कागद वाचू नका, समोरच्याला वाईट वाटतं.

महारेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर मात्र मी विचारला. तो हसून म्हणाला, "साहेब, ते बिल्डरच्या प्रोजेक्टला. रीसेलला लागत नाही." आणि गंमत म्हणजे हे त्याचं बरोबर होतं. २०१६ चा कायदा एजंटला नोंदणी सक्तीची करतो ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. तुमच्या-माझ्या जुन्या फ्लॅटपर्यंत त्याचा हात पोचत नाही. त्यानंतरच्या अकरा महिन्यांत तो पुन्हा इतकं अचूक कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"आणि एक करा साहेब," जाता जाता तो म्हणाला, "बिल्डिंगमध्ये कुणाला बोलू नका. गरजू आहात असं वाटतं, भाव पडतो." हे वाक्य लक्षात ठेवा.

मग जाहिरात. आमचं सातशे वीस फुटांचं कार्पेट तिच्यात अकराशे फूट झालं. वरचे तीनशे ऐंशी फूट मी बरेच दिवस शोधत होतो, बहुधा जिन्यात असावेत. 'वनाज मेट्रो ५ मिनिटं, लिफ्ट प्रस्तावित, फुल्ली फर्निश्ड.' लिफ्टचा प्रस्ताव खरोखरच आहे, दर वार्षिक सभेत पहिल्या मजल्यावरचे लोक तो फेटाळतात. फोटो त्याने मोबाइलवर काढले, एका हाताने, दुसऱ्या हातात आमचा चहा होता. गॅलरीच्या फोटोत मागे दोरीवर माझा बनियन वाळत होता. फर्निश्ड म्हणजे बहुधा त्याच्यासकट.

घर बघायला लोक येतात ते रविवारी. तुम्ही सकाळी घर घासूनपुसून ठेवायचं, माशांचा बेत रद्द करायचा, आणि पार्टी येते ती दुपारी अडीचला, तुमचा डोळा लागल्यावर. आमच्याकडे भाड्याने खोली हवी असलेली कॉलेजची चार पोरं आली. एक बाई आल्या, त्यांना घर कर्वेनगरला हवं होतं. एक काका मोबाइलमध्ये होकायंत्र घेऊन आले आणि आमचा संडास ईशान्येला निघाला. मी काही बोलायच्या आत एजंटच म्हणाला, "हो काका, दोष तर आहेच." तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस नेमका काय विकतोय.

कारण एजंट तुमचं घर गिऱ्हाइकाला विकत नसतो. तो तुम्हाला कमी किंमत विकत असतो, हप्त्याहप्त्याने. घर आम्ही भाद्रपदात काढलं. "पितृपक्षात कोण घर घेतं साहेब?" ठीक. दसऱ्याला लोक घेतात, पण बिल्डरकडचं नवं. दिवाळीत बोनस संपतो. तुळशीचं लग्न लागलं की माणसं दुसऱ्यांच्या लग्नांत. पौषात शुभकार्य नाही. फेब्रुवारीत बजेटकडे डोळे, मार्चमध्ये वर्षअखेर, एप्रिलला रेडी रेकनरचे नवे दर येतात की नाही ते बघू, मेमध्ये सगळे गावाला, जूनमध्ये शाळांच्या फिया, मग पाऊस आणि आषाढ. मी हिशोब केला. वर्षात घर विकायला लायक असा अक्षय्य तृतीयेच्या दुपारचा दीड तास उरतो. त्या वेळी त्याचा फोन बंद होता.

दर महिन्याला एक 'पार्टी' तयार असे. "पार्टी जेन्युइन आहे साहेब, फक्त नव्वदला बसवू." मग शहाऐंशी. मग ब्याऐंशी. पार्टी मी कधी पाहिली नाही. पण तिच्या अडचणी मला पाठ झाल्या: तिचं लोन, तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, तिचं पिंपरीतलं विकायचं राहिलेलं घर. शेवटी तर बायको रात्री विचारायची, पार्टीचे सासरे कसे आहेत?

श्रावणात घर गेलं. अठ्ठ्याहत्तर लाखांना. घेणारा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा. त्याला ही खबर दिली आमच्या वॉचमनने, कारण अडीचच्या पार्ट्यांना वर सोडून सोडून तो कंटाळला होता. काकू पेढे घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आधी नाही का सांगायचं? तो गेल्या दिवाळीपासून शोधत होता, पंच्याऐंशीपर्यंत जायला तयार होता. आणि आम्हाला वाटलं, दर रविवारी माणसं येतात, सगळं घर बघून जातात, तुमच्या मुलाचं स्थळ चाललंय. कुठेच कसं जमत नाही म्हणून हळहळत होतो आम्ही."

भाचा सापडल्याची बातमी एजंटला कुणी दिली ते माहीत नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात तो आमच्या आधी पोचला होता. पांढरा शर्ट, हातात फाइल. आमचे अंगठे आणि फोटो झाल्यावर त्याने कॅल्क्युलेटर काढला. दोन टक्के माझ्याकडून, दोन टक्के भाच्याकडून. माझे एक लाख छप्पन हजार. "कशाचे?" असं मी विचारलं. "को-ऑर्डिनेशनचे." सहा महिन्यांचा तो करार, मी न वाचलेल्या एका ओळीमुळे, आपोआप पुढे वाढत होता म्हणे. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी वर. पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा असतो, हे मला त्याच दिवशी भाच्याच्या सीएने सांगितलं. आमचे एजंटसाहेब वर्षभर म्हणत होते, "ते मोठ्या लोकांना असतं."

वॉचमनला मी पाचशे रुपये दिले. तो नको नको म्हणत होता.

आता आम्ही वारज्यात भाड्याने राहतो आणि घर शोधतोय. अर्थात एजंटमार्फतच, तोच, ओळखीचा आहे. परवा त्याने व्हॉट्सअॅपवर एक घर पाठवलं. "साहेब, तुमच्यासाठीच ठेवलंय, लगेच बघा. कोथरूड, अकराशे फूट, लिफ्ट प्रस्तावित. पंच्याण्णव सांगतायत, बसवू." मी गॅलरीचा फोटो मोठा करून पाहिला. बनियन माझाच होता.