गोळी घेतली, पोहे सोडले

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'नाश्ता बंद करा. दोनदाच जेवा, तेही सूर्यास्ताआधी. सकाळची साखर वाढते ती रात्रीच्या जेवणानेच. तीन महिन्यांत मधुमेह मुळापासून जातो.'

आधी नाश्त्याचं, कारण खरा धोका तिथे आहे. आमच्या शेजारचे काका मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. मेसेज वाचून काकांनी पोहे सोडले, गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. अकराच्या सुमारास जिन्यात भेटले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते, किल्ली कुलपात जाईना. ग्लुकोमीटरवर आकडा ५८. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलीच. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग पोळी-भाजी. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. मधुमेहाच्याच मेटफॉर्मिन या गोळीवर, नुसत्या तिच्यावर, असणाऱ्याला तो फार कमी. म्हणून जेवणाची वेळ बदलायची तर आधी गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवायचं.

सूर्यास्ताचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. शरीर सकाळी इन्सुलिनला जास्त दाद देतं, रात्री कमी. तीच भाकरी रात्री दहाला खाल्ली तर साखर जास्त चढते. दहाचं जेवण आठवर आणलंत तर उत्तमच. पण सातपूर-अंबडला सेकंड शिफ्ट करणाऱ्याने काय करायचं? त्याने डबा ठरल्या वेळी खावा आणि मध्यरात्री घरी आल्यावर पुन्हा ताट वाढून घेऊ नये, एवढं पुरे.

सकाळच्या साखरेचा सगळा दोष रात्रीच्या जेवणावर टाकणं चूक आहे. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं. रात्री न जेवताही सकाळी आकडा चढलेला दिसू शकतो.

राहिलं 'मुळापासून'. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत (२०१७) वजन उतरवण्याच्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह वर्षभरात औषधांविना आटोक्यात आला. पण तिथे घड्याळ नाही, वजनकाटा महत्त्वाचा होता: १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण सर्वाधिक. शिवाय निदान होऊन सहा वर्षांहून जास्त झालेले किंवा इन्सुलिनवर असलेले त्यात नव्हतेच. डॉक्टर याला रेमिशन म्हणतात, बरं झालं म्हणत नाहीत. वजन परत आलं की साखरही परतते. दोनदा जेवून कुणाची साखर सुधारत असेल, तर बहुतेक वेळा एकूण खाणं घटल्यामुळे. आणि त्या दोनांतलं एक जेवण मिसळीबरोबर चार पाव असेल, तर तेही नाही.

काकांचे पोहे पुन्हा सुरू झालेत. बशी लहान, वर मोड आलेली मटकी. तो मेसेज ग्रुपवर त्यांनीच टाकला होता. अजून डिलीट केलेला नाही.