दाब, धर, सोड

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड आणि ते चाकाच्या डिस्कवर दाबणारे दोन्ही कॅलिपर स्वतः बदललेत, गॅरेजची मजुरी वाचवलीत, आणि आता ब्रेकवर पाय ठेवला की कापसाच्या गादीत रुतल्यासारखा आत जातोय? मेकॅनिकला मात्र फोन करू नका. तो दोन मिनिटांत चूक दाखवेल, आणि तीही हसत हसत.

आधी घरात जाहीर करा, 'पॅड नवे आहेत, बसायला वेळ लागतो.' वेळ लागतो हे खरंच आहे. पेडल पार खाली टेकतंय ते त्यामुळे नाही, पण एवढं घरात कोण विचारतंय?

मग ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायला घ्या. मुलाला सीटवर बसवा आणि चाकापाशी उकिडवे बसून ओरडा, 'दाब! धर! सोड!' तो म्हणेल, 'बाबा, ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागतंय.' शाळेची फी फुकट जात नाही याचं समाधान माना आणि त्याला गप्प करा. कॅलिपरवरचं हवा सोडायचं निप्पल तुम्ही बंद करेपर्यंत पाय उचलायचा नाही, हे त्याला सांगायची गरज नाही. त्याने मध्येच पाय उचलला की हवा परत आत, आणि दोष त्याच्या मोबाइलचा. टाकीतल्या ऑइलची पातळीही बघू नका. ती तळाला गेली की पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर स्वतःच हवा ओढतो आणि तुम्हाला काढायला नवा माल मिळतो.

तरी मऊच? दणादण पंप करा, पार तळापर्यंत. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा पिस्टन एरवी तिथवर जात नाही, त्यामुळे तिथे गंज असू शकतो. सील त्यावर घासून फाटलं की मास्टर सिलिंडरही नवा घेता येईल.

ऑइल कोणतं? मागच्या पावसाळ्यात फोडलेली अर्धी बाटली माळ्यावर आहे ना, तीच. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की १५५ पर्यंत टिकलं तरी नियमात बसतं. वरंध घाट उतरताना उरलेलं गणित आपोआप सुटेल.

तीन बाटल्या संपतील. मग वॉचमनकाका येतील. पूर्वी टेम्पो चालवायचे. वाकून बघतील आणि विचारतील, "साहेब, हवा वर जाती, मग हे निप्पल खाली कसं काय? डाव्याचा कॅलिपर उजवीकडं लावला का?"

'या मॉडेलला असंच येतं,' असं ठणकावून सांगा आणि चौथी बाटली आणायला निघा.

रिक्षाने.