होमी वाडियांना दिग्दर्शक म्हणायला आपण का कचरतो?

परळचा राजकमल स्टुडिओ म्हटला की आपल्याला शांतारामबापू आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण १९४२ साली बापूंनी ती जागा घेतली, त्याआधी लवजी कॅसलच्या त्या आवारात वाडिया बंधूंची चित्रपटसंस्था, वाडिया मूव्हिटोन, होती. होमी वाडिया तिथे स्टंटपट काढायचे. चाबूक, घोडे, मारामारी, धावती आगगाडी. आपण मराठी माणसं सिनेमाच्या इतिहासावर तासन्‌तास बोलतो, पण होमींचं नाव निघालं की 'ते नादियाचे पिक्चर ना' एवढ्यावर विषय संपतो. मला हे मनापासून खटकतं.

होमींचा 'हंटरवाली' (१९३५) घ्यायला वितरक पुढे येईनात. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया ही गोरी, धिप्पाड बाई हातात चाबूक घेऊन पुरुषांना लोळवते, हे बघायला येणार कोण? शेवटी होमी आणि त्यांचे थोरले भाऊ जेबीएच यांनी भागीदारासोबत तो स्वतःच प्रदर्शित केला. २५ आठवड्यांच्या वर चालला. पिटातल्या, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या पुढच्या रांगांतल्या प्रेक्षकाला काय हवंय हे त्या दोघांना वितरकांपेक्षा जास्त कळलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, पुण्यात प्रभातने 'संत तुकाराम' केला आणि परळात होमींनी 'मिस फ्रंटियर मेल'. तुकारामाच्या जागेला मी बोटही लावणार नाही. पण दुसऱ्यातली आगगाडीच्या टपावरची मारामारी एकदा बघाच. बोलपट येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. माइक सांभाळत पात्रं एका जागी उभी राहून बोलायची, तो काळ. होमी कॅमेरा घेऊन थेट रुळांवर गेले. नादिया आपले स्टंट स्वतः करायची, त्यामुळे तिचा चेहरा लपवायची गरज नव्हती आणि कॅमेरा बिनधास्त जवळ जाऊ शकत होता. कॅमेरा कुठे ठेवायचा, शॉट कधी तोडायचा, धावपळीतही कोण कुठे आहे हे प्रेक्षकाला कसं कळत राहील, हे सगळं दिग्दर्शन नाही तर काय आहे?

जेबीएच पुढे प्रतिष्ठेच्या, खर्चिक चित्रपटांकडे वळले. होमींनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स काढली, नंतर चेंबूरला स्टुडिओ उभारला, आणि तीच ठरलेली मंडळी, तेच बेताचं बजेट घेऊन काम चालू ठेवलं. स्टंटपटांबरोबर पौराणिक आणि जादूचे चित्रपट आले. मीनाकुमारी मोठी स्टार होण्याआधी इथेच 'श्री गणेश महिमा', 'हनुमान पाताल विजय' करत होती. 'अलादीन'मधली (१९५२) जादू बाबुभाई मिस्त्रींची. काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून दाखवणारा हा माणूस, इंडस्ट्रीत त्याला 'काला धागा'च म्हणायचे. पैसा नसेल तर युक्ती लागते, आणि ती पडद्यावर पटवावी लागते. ते काम मला भव्य सेट उभारण्यापेक्षा अवघड वाटतं.

१९७८ पर्यंत होमी दिग्दर्शन करत होते. मूकपटांच्या अखेरीस या धंद्यात आलेला माणूस रंगीत जमान्यातही मुलांसाठी अलादीनच करत होता! चाळीसेक चित्रपट. त्यातले सगळे चांगले नाहीत, काही तर नुसते उरकलेले वाटतात. पण मोठ्या नावांचे पडलेले चित्रपट आपण किती प्रेमाने समजून घेतो!

फिल्म सोसायटी चालवणाऱ्या मित्रांनो, एका रविवारी 'मिस फ्रंटियर मेल' लावाच. आणि चेंबूरच्या बसंतमध्ये कुणाचे आजोबा सुतार, लाइटमन, रंगारी असतील, तर त्यांच्याकडून ऐकलेलं कृपया इथे लिहा. त्यांची नावं श्रेयनामावलीत शोधून सापडत नाहीत.