एरंडेल, संकेश्वरी मिरची आणि म्हातारी कोंबडी: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो. त्याचा गोषवारा असा: ‘म्हातारी कोंबडी पिसे फुगवून पेंगू लागली की अंडे अडकले समजा. चमचाभर एरंडेल घशात ओता. लसूण, हळद आणि संकेश्वरी मिरचीची गोळी चारा. अँटिबायोटिकची अर्धी कॅप्सूल आणि अंगदुखीची अर्धी गोळी द्या. अंगाला तंबाखूचे पाणी लावा. दिवसभर उपाशी ठेवा. दोन दिवसांत उठली नाही तर कापून खा.’ वर मथळा ‘आजीबाईचा बटवा’. त्या बटव्यात अँटिबायोटिक कुठून आले, हे कोणी विचारत नाही.

‘पेंगते म्हणजे अंडे अडकले.’ पेंगणे हे नुसते लक्षण आहे. त्यामागे दहा कारणे असतात, आणि त्यांतली दोन तर आजारच नव्हेत. खुडूक कोंबडीही फुगून बसते, पण हात लावला की गुरगुरते, चोच मारते आणि दिवसातून एकदा-दोनदा उठून ढीगभर घाण शीट टाकते. पिसे गाळणारी कोंबडीही मरगळते, तुरा आक्रसतो, मात्र दाणा टिपते. आजारी कोंबडी हात लावला तरी मुकाट बसते. कळपात दुबळेपण दिसले की बाकीच्या टोचतात, म्हणून कोंबडी दुखणे शेवटपर्यंत लपवते. ती पेंगताना दिसते तोवर दुखणे बरेच पुढे गेलेले असते, आणि म्हणूनच आधी औषध नव्हे, आधी हात.

सकाळी दाणा टाकण्याआधी तिला कुशीत धरून तपासा. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्रभरात रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती चेंडूसारखी घट्ट लागली तर गवत किंवा सुतळी अडकली आहे. पचपचीत असून चोचीला आंबूस वास येत असेल तर आत आंबले आहे. अशा वेळी कोंबडी उलटी धरून ओकवायचा प्रकार काहीजण करतात. त्यात आंबलेले पाणी श्वासनळीत जाऊन ती हातातच मरते. पुढे छातीचे हाड चाचपा: दोन्ही बाजूंचे मांस जाऊन ते सुरीच्या धारेसारखे लागत असेल, तर दुखणे आठवड्यांचे आहे. मग दोन पायांच्या मधले पोट. पाण्याच्या फुग्यासारखे लागले तर आत पाणी साठले आहे. कडक गोळा लागला तर पोटात पडून साचलेला बलक किंवा अंडाशयाची गाठ. अंडाशयाचा कर्करोग कोंबड्यांत आपसूक इतका होतो, की बायकांच्या त्या आजारावरचे संशोधन कोंबड्यांवर चालते. दोन-तीन वर्षांपुढच्या कोंबडीत हा संशय आधी घ्यायचा, कारण ती अंडीच कमी देते. पोटातले पाणी डॉक्टर सुईने काढतात. त्याने श्वास मोकळा होतो, आजार जात नाही.

अंडे खरेच अडकले असेल तर कोंबडी शेपूट खाली सोडून उभी राहते, कुंथते, घरट्यात जा-ये करते. हातमोज्याच्या बोटाला तेल लावून मागच्या वाटेने चार-पाच सेंटिमीटर आत गेले की कवच बोटाला लागते. नसेल लागत तर पुढचे काही करू नका. लागले तर घमेल्यात 38 ते 40 अंशांचे पाणी घ्या (कोपराला सुखद ऊन लागेल इतके), पोट बुडेल असे बसवून 15-20 मिनिटे धरा, पुसून कोरडी करा आणि तासभर उबदार अंधारात ठेवा. गरज पडली तर पुन्हा तेच. पोट दाबून अंडे काढू जाल तर ते आतच फुटेल आणि कवचाने नळी चिरेल. 24 तासांत अंडे पडले नाही तर दवाखाना गाठायचा. तिथे कॅल्शियमचे इंजेक्शन मिळते, आणि बहुतेक वेळा कमी पडलेले असते ते कॅल्शियमच.

‘एरंडेल घशात ओता.’ सगळ्या मजकुरात सर्वांत जास्त कोंबड्या या वाक्याने मरत असाव्यात. अंड्याची नळी आणि आतडे या दोन वेगळ्या वाटा आहेत, शेवटी विष्ठाद्वारापाशीच त्या एकत्र येतात. तोंडातून गेलेले तेल आतड्यात जाते, अंड्यापर्यंत पोचतच नाही. जुलाब तेवढे होतात आणि आधीच सुकलेली कोंबडी आणखी सुकते. त्याहून मोठा धोका वर, चोचीत आहे. चोच उघडून पाहा: जिभेच्या बुडाशी एक फट श्वासाबरोबर उघडझाप करताना दिसेल. तीच श्वासनळी, आणि तिच्यावर माणसासारखे झाकण नसते. चमचाभर तेल ओतले की ते सरळ फुप्फुसात. म्हणून पातळ औषध असो की पाणी, बिनसुईच्या सिरिंजने चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, तिने डोके वर करून गिळले की पुढचा थेंब.

‘मिरचीची गोळी.’ मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. पोपट मिरच्या खातो तो याच कारणाने. संकेश्वरी असो की ब्याडगी, तिने झटका बसून कोंबडी उठेल हे शक्य नाही. लसणाची एखादी पाकळी चालते. मूठभर लसूण रक्तातल्या लाल पेशी फोडतो.

‘अर्धी कॅप्सूल, अर्धी गोळी.’ माणसाचे वजन पन्नास-साठ किलो धरून बनवलेल्या गोळीचे अर्धुक दीड किलोच्या पक्ष्याला म्हणजे केवढा डोस, हिशेब करा. कोंबड्या पेंगतात त्यामागे मानमोडीही (राणीखेत) असू शकते. हा विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. लसही आजारी पडल्यावर नव्हे, आधी द्यायची असते. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी. कुपी शंभर-दोनशे डोसांची येते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी एका दिवशी कोंबड्या गोळा करायच्या. अंड्यातला बलक आठ-दहा दिवस भरत असतो, त्यामुळे औषध थांबल्यावरही काही दिवस ते अंड्यात उतरते. किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून घ्या. अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल एवढेच: डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांवरही ते बेतू शकते.

‘तंबाखूचे पाणी.’ निपाणीकडे तंबाखूचा चुरा हाताशी असतो, म्हणून हा उपाय टिकून आहे. निकोटिनने उवा मरतात हे खरे. एके काळी निकोटिन सल्फेट बसायच्या दांडक्यांना लावतही असत. पण दांडक्याला, पक्ष्याला नव्हे. कातडीतून ते अंगात भिनते आणि अशक्त कोंबडीला आधी मारते. त्यापेक्षा रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा. दांडक्याच्या खालून पांढरा कागद फिरवा, त्यावर तांबडे ठिपके आले तर कीड फटीत आहे. ती दिवसा लपते, रात्री रक्त पिते, आणि मग तुरा पांढुरका पडतो. फटींत उकळते पाणी ओता, वाळल्यावर त्या बुजवा, आणि कोंबडीला लोळायला चुलीची राख व कोरडी माती समभाग द्या. खानापूरच्या पावसात ती पत्र्याखालीच ठेवावी, भिजलेली राख कातडी भाजते.

‘उपाशी ठेवा.’ उलट. आधी ऊब, मग पाणी, मग दाणा. कोंबडीचे अंग मुळात 41 अंशांच्या आसपास असते, आजारात ते टिकवण्यातच तिची ताकद संपते. पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडे पोते अंथरा, एका टोकाला हात-दीड हात वर 60 वॉटचा बल्ब लावा, दुसरे टोक थंड राहू द्या. चोच उघडून धापा टाकू लागली तर बल्ब वर घ्या. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. उन्हात ठेवू नका. अथणीकडच्या एप्रिलच्या उन्हात धडधाकट कोंबडीही टिकत नाही. पाणी ओआरएसचे, पाकिटावरच्या दुप्पट पाण्यात. ते गळ्याखाली उतरू लागले की भिजवलेल्या शाळूच्या कण्या आणि कुस्करलेले उकडलेले अंडे. पावसाळ्यात दमट झालेली शेंगदाण्याची पेंड मात्र अजिबात नको, तिच्यावर धरणाऱ्या बुरशीचे विष यकृत खाते. अंडी बंद झालेल्या कोंबडीला लेयरचे (अंड्यावरच्या कोंबड्यांचे) खाद्यही नको: त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, आणि अंड्यावाटे बाहेर न पडलेले कॅल्शियम मूत्रपिंडांवर पडते. तिला ग्रोअरचे (वाढत्या तलंगांचे) खाद्य पुरते.

‘नाही तर कापून खा.’ ज्या पक्ष्याला काय झाले हेच कळलेले नाही, वर अर्धी कॅप्सूल पोटात आहे, तो खायचा कशाला? उभी राहत नसेल, पाणीही गिळत नसेल, तर डॉक्टरांकडून तिची सुटका करून घ्यावी. आठवडी बाजारात नेऊन विकू नये. बेळगावच्या बाजारातली कोंबडी संध्याकाळी चंदगडच्या खुराड्यात असते आणि रोगाला सीमा ठाऊक नाही. एकच मेली असेल आणि कारण हवे असेल तर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बर्फ घालून, पण न गोठवता, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. गोठवली तर तपासणी बिघडते. दोन-तीन दिवसांत चार-पाच पटापट मेल्या तर हातही लावू नका, पिशवीत भरू नका. 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा आणि लोक येईपर्यंत उरलेल्या कोंडून ठेवा.