संच कपाटात ठेवू नका
सोलापुरातल्या शाळांना बुद्धिबळाचे संच मोफत देणार, हे वाचून मनापासून बरं वाटलं. आमच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या आईवडिलांना मुलांसाठी पट विकत घेणं जमतंच असं नाही. फक्त एक विनंती आहे, हे संच कुलपात जाऊ देऊ नका. एका शाळेत मी पाहिलंय, सोंगट्या हरवतील म्हणून खोकी फोडलेलीच नव्हती. हरवू द्या की! प्यादं हरवलं तर मुलं बाटलीचं झाकण ठेवून डाव पुरा करतात.

आणि प्रत्येक शाळेतल्या एका तरी शिक्षकाला नीट शिकवा. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, पांढरा वजीर पांढऱ्या घरात, इथून सुरुवात करावी लागते. चाली वहीत लिहायची सवय लावली की डाव कुठं बिघडला ते मुलं स्वतःच शोधतात.

२०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिचा फोटो वर्गात लावा, मुली आपणहून पटावर बसतील. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी मैदानावर पाय ठेवता येत नाही, तेव्हा सुट्टीत हे संच मुलांना घरी न्यायला द्याच.