टीएला सुचलेली कल्पना कुणाच्या नावावर?

मी मुंबईत केमिस्ट्री शिकवते. आमच्याकडे पीएचडी करणारी मुलंमुली बीएस्सीच्या बॅचची प्रॅक्टिकल्स घेतात, ट्युटोरियल घेतात, जर्नलं तपासतात. सगळे त्यांना टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणतात. खालची मुलं त्यांना 'दीदी', 'दादा' म्हणतात आणि मला विचारायला लाजतात ते सगळं त्यांना विचारतात. म्हणूनच मुलं नेमकी कुठे अडतात हे टीएला आमच्या आधी कळतं, आणि त्यावरचा उपायही पुष्कळदा तिथेच सुचतो. हा उपाय सुचवणाऱ्याच्या नावानिशी लिहून ठेवायची आपल्याकडे काहीच पद्धत नाही. ती सुरू व्हायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

आमच्या एका टीएचं उदाहरण देते. बदलापूरहून लोकलने येणारी मुलगी, पीएचडीचं दुसरं वर्ष. प्रॅक्टिकल अगदी साधं: ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये पिपेटने घेतलेलं दहा मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड, रंग दाखवायला दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन. ब्युरेटमधलं थेंब थेंब सोडायचं, फ्लास्कमधलं रंगहीन द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं आणि किती लागलं त्याचं रीडिंग घ्यायचं. तीन वेळा करायचं आणि जर्नलमध्ये सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग, लिहायचं. सायन्सला गेलेल्या प्रत्येकाने हे केलेलं असतं, आणि बहुतेकांनी एक रीडिंग घेऊन तीन रकाने भरलेले असतात.

तिने मला विचारलं, "मॅडम, अख्ख्या बॅचची तिन्ही रीडिंग्ज सेम कशी येतात?"

पुढच्या बॅचला तिने सांगितलं की सीबीआर लिहायचंच नाही. आलेली तिन्ही रीडिंग्ज जशीच्या तशी फळ्यावर लिहायची, नाव न घालता. आणि प्रत्येकाने आपला शेवटचा फ्लास्क धुवायचा नाही, पांढऱ्या टाइलवर ठेवायचा. मग सगळे फ्लास्क तिने रंगाप्रमाणे ओळीने लावले, फिक्यापासून गडदपर्यंत, आणि प्रत्येकासमोर त्याचं रीडिंग चिठ्ठीवर लिहून ठेवलं. रंग जितका गडद, तितकं रीडिंग मोठं. एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलताच थांबायची जागा, ओलांडला की काय होतं हे आम्ही वर्षानुवर्षं तोंडाने सांगतो. तिथे ते टेबलावर मांडलेलं होतं. मुलं आपला फ्लास्क शोधत होती, कुणाचा हात ब्युरेटच्या तोटीवर उशिरा थांबला यावर बोलत होती. मार्क तिने रीडिंगला दिलेच नाहीत, फरक का पडला हे कारणासह सांगण्याला दिले.

पहिल्या वेळी गडबडही झाली. फिकट गुलाबी फ्लास्क थोड्या वेळाने पुन्हा रंगहीन झाले, कारण उघड्या फ्लास्कमधलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. उशिरा आलेल्या मुलांना वाटलं, यांचा एंड पॉइंट आलाच नव्हता. पुढच्या वेळी तिने फ्लास्कना बुचं लावली आणि हा उडालेला रंगच व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, प्रश्न केला.

दोन सेमिस्टर असं चाललं. मग तिचं थिसिसचं काम वाढलं, टीए बदलला आणि जर्नलात पुन्हा सीबीआर आलं. दोष नव्या मुलाचा नाही. त्याला कळणार कुठून? लिहिलेलंच नव्हतं कुठे.

दुसऱ्या एका कॉलेजातली गोष्ट मला जास्त लागली. तिथल्या टीएने बसवलेली पद्धत कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीच्या अहवालात 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून गेली, विभागाच्या नावावर. त्या मुलाचा उल्लेख कुठेच नाही. संशोधनाच्या पेपरमध्ये नाव गाळलं तर आपण त्याला चोरी म्हणतो. मग शिकवण्यातल्या कल्पनेला वेगळा न्याय का?

नियमांत हे काम आलेलं आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमावलीत संशोधक विद्यार्थ्यांना ट्युटोरियल, लॅब आणि मूल्यमापनासाठी आठवड्याला चार ते सहा तास देता येतात, त्यांना शिकवण्याचं प्रशिक्षण द्यावं असंही म्हटलंय. पण तास भरले की विषय संपतो. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावताना २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन असे जास्तीत जास्त दहा गुण मिळतात. वर्षं मोजली जातात. त्या वर्षांत तुम्ही वर्गात काय केलंत, याला तिथे रकाना नाही. पीएचडी करता करता तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात धावणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची एक रीत मला फार आवडते. तिथे शिकवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक पुरस्कार आहे. त्यासाठी छोटा निबंध लिहायचा: वर्गात कोणती अडचण दिसली, त्यावर काय केलं, आणि ते लागू पडलं हे कशावरून ठरवलं. निवडलेले निबंध लेखकाच्या नावासह वेबसाइटवर येतात, कुणीही वाचावेत आणि आपल्या वर्गात वापरावेत. मला त्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. 'मुलांना मजा आली' एवढ्यावर तो सुटू देत नाही.

आपल्याकडे हे करायला पैसे लागत नाहीत. कलिनाचं मुंबई विद्यापीठ, पवईचं आयआयटी, माटुंग्याची कॉलेजं, कुठल्याही विभागाने सेमिस्टरच्या शेवटी टीएकडून एक पान मागावं. मराठीत लिहिलं तरी चालेल. फसलेला भागही त्यात हवा, कारण बुचाची गोष्ट कळली नाही तर पुढचा माणूस तिथेच अडकणार. पान विभागात जपावं, आणि विभागप्रमुखांनी सहीशिक्क्याचं पत्र द्यावं, जे मुलाखतीत पुढे ठेवता येईल. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम नसला तरी चालेल.

काही सहकारी म्हणतात, अशा पत्राच्या नादाने मुलं रिसर्च सोडून बसतील. मला हे पटत नाही. ती मुलगी वेळ तसाही देतच होती, गाईडची नजर चुकवून. दुसरी शंका अशी की गाईडच्या मर्जीतल्यांनाच पत्रं मिळतील. ही शंका खरी आहे. म्हणून पत्र कुणाला द्यायचं याची निवड दुसऱ्या विभागातल्या शिक्षकांनी करावी आणि त्या बॅचच्या मुलांना विचारून करावी.

आमच्या विभागाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय मांडणार आहे. पहिलं पान फ्लास्कच्या ओळीचं असावं म्हणून मी तिला लिहायला सांगितलं. ती तयार झाली, पण एका अटीवर. दर बॅचला जास्तीचे फ्लास्क आणि मापाची बुचं शोधून देणाऱ्या लॅबमधल्या काकांचंही नाव त्यावर हवं. मी हो म्हटलंय.